चोविसावा हिस्सा

दुय्यम निबंधकाच्या कचेरीत एकतीस वर्षे कारकुनी करून मी निवृत्त झालो. त्या अवधीत माझ्या नजरेखालून गेलेल्या खरेदीखतांत, गहाणखतांत, वाटणीपत्रांत आणि हक्कसोडपत्रांत हिस्से नाना तऱ्हेचे आले. चार आणे, दोन आणे, एक आणा, आणि क्वचित एखाद्या जुन्या वाड्याच्या बाबतीत भावकी पिढ्यान्‌पिढ्या अशी फुटत गेलेली असे की, एखाद्या वारसाच्या पदरी जिन्याखालची अंधारी जागा आणि आडावर पाणी भरण्याची वहिवाट एवढेच उरे. परंतु सबंध मोटारीचा बरोबर चोविसावा हिस्सा, चार चाके, चार दारे, आरसे, वायपर आणि टपावरचे कॅरियर यांसह, कोणाही सहहिस्सेदाराची हरकत नसलेला आणि एका माणसाने आपल्या दोन हातांनी उत्पन्न केलेला, मी प्रथम पाहिला तो डोंबिवलीस, माझ्या मेहुण्याच्या घरच्या बंद गॅलरीत.

ही गॅलरी सहा फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद. पूर्वी तेथे तुळशीची कुंडी आणि कपड्यांची दोरी असे. आता जुन्या शिलाई यंत्राच्या टेबलावर हवेचा कॉम्प्रेसर बसला आहे, खिडकीत स्वयंपाकघरातून सेवानिवृत्त झालेला एक्झॉस्ट पंखा आहे, पंख्यासमोर पुठ्ठ्याच्या खोक्याची रंगशाळा आहे, आणि भिंतीवर कानशी, चिमटे, सुया व दंतवैद्याने टाकून दिलेली आकडेदार अवजारे अशा शिस्तीने टांगली आहेत की आमच्या दप्तरखान्यालाही ती कधी साधली नव्हती. मेहुणा माझ्याहून बारा वर्षांनी लहान. उभी नोकरी त्याने एका कारखान्याच्या टूलरूममध्ये, प्लॅस्टिकच्या बादल्या, मग आणि विजेची बटणे यांचे पोलादी साचे करण्यात घालविली. "दाजी, बघा, पण हात लावू नका," असे त्याने पहिल्याच दिवशी मला बजावले होते. ही ताकीद मी कितपत पाळली, त्याची कबुली पुढे यथास्थळी येईलच.

चोविसावा हिस्सा म्हणजे एका फुटाला अर्धा इंच. इंग्रजी फूटपट्टीतून निघालेले हे सोयीचे माप आहे. अमेरिकेत पंचविसावा हिस्सा अधिक रूढ, जपानात चोविसावा, आणि काचेच्या कपाटात ओळीने मांडावयाच्या धातूच्या मोटारींत त्रेचाळिसावा. पण कचेरीतल्या सवयीने मी कागद मांडून बसलो तेव्हा ध्यानात आले की हा हिस्सा लांबीपुरता खरा आहे. पृष्ठभागाच्या बाबतीत तो पाचशे शहात्तरावा होतो आणि घनफळाच्या, म्हणून वजनाच्याही, बाबतीत तेरा हजार आठशे चोविसावा. नऊशे किलोची मोटार इमानेइतबारे लहान केली तर ती पासष्ट ग्रॅम, म्हणजे एका मध्यम लिंबाएवढी भरावी. दस्तऐवजात असा मोघम हिस्सा कोणी लिहून आणला असता तर तो मी खुलाशासाठी परत केला असता.

आणि काही वस्तू तर मुळी वाटणीतच येत नाहीत. मोटारीचा पत्रा पाऊण-एक मिलिमीटर जाडीचा. त्याचा चोविसावा भाग कागदाहूनही पातळ होईल, म्हणून नमुन्याचे अंग निरुपायाने मिलिमीटरभर जाड ठेवावे लागते, आणि हिशेबाने पाहिले तर ती गढीची भिंत होते. दाराभोवतीची चार-पाच मिलिमीटरची फट येथे केसाच्या दोन-तीन जाडीएवढी उरते. कारखान्यातून निघालेल्या गाडीवरचा रंग, सर्व थर धरून, सुमारे एक दशांश मिलिमीटर. त्याचा चोविसावा हिस्सा मारू शकेल असा रंगारी अद्याप जन्मास आलेला नाही. धुळीचा कण, हवेतला दमटपणा, गुरुत्वाकर्षण आणि माणसाचा अंगठा ही मंडळी पूर्ण मापानेच या इवल्या राज्यात शिरतात. माझ्या मते या छंदाचे सारे शास्त्र, सारी कला आणि बहुतेक मनस्ताप या एकाच गोष्टीतून उद्भवतो: गाडी लहान होते, रंग लहान होत नाही.

खोक्यातून येणारा संच म्हणजे काय, हे न पाहिलेल्या वाचकासाठी थोडे सांगितले पाहिजे. पॉलिस्टायरिन नावाचे प्लॅस्टिक तापवून, पातळ करून, मोठ्या दाबाने पोलादी साच्यात भरतात. ते ज्या वाटांनी आत शिरते त्या वाटाही थिजतात, आणि मग द्राक्षाच्या घडासारखे सुटे भाग लगडलेली एक चौकट हाती येते. भाग प्रथम साबणाच्या कोमट पाण्यात धुवावे लागतात, कारण साच्यातून माल सुटावा म्हणून लावलेला तेलकट अंश राहिला तर रंग धरत नाही. नंतर ते कातरून, जिथे साच्याचे दोन अर्ध मिळाले तिथली बारीक शीर कानशीने आणि वॉटर पेपरने घासून काढावी लागते. या शिरेविषयी मेहुण्याला ममत्व आहे. साच्याचे दोन अर्ध किती काळजीने मिळविले आहेत हे तो त्या शिरेवर नख फिरवून सांगतो आणि मग निर्दयपणे ती घासून टाकतो. सांधण्याचा द्रवही विलक्षण; तो चिकटवीत नाही, दोन्ही कडा विरघळवून एकजीव करतो, आणि थेंब फटीच्या तोंडाशी टेकवला की केशाकर्षणाने आपोआप आत धावतो. उरलेल्या खळग्यांत लांबी भरावयाची. होय, लांबीच; गॅरेजातला रंगारी ठोकलेल्या मडगार्डवर भरतो तीच संज्ञा आणि जवळजवळ तोच पदार्थ.

हा खेळ पोरकट आहे असे ज्यांना वाटते त्यांनी अमेरिकेतील फिशर बॉडी क्राफ्ट्समन्स गिल्डचा इतिहास जाणून घ्यावा. जनरल मोटर्सच्या या अंगभूत कंपनीने १९३० साली मुलांसाठी एक स्पर्धा सुरू केली, आणि प्रथम विषय दिला तो मोटारीचा नव्हे, तर कंपनीच्या बोधचिन्हावरील नेपोलियनकालीन राजरथाचा. लाकूडकाम, धातुकाम, शिवण आणि रंग ही चारही कामे पोरसवदा मुलांनी स्वतः करावयाची. पुढे स्वतःच्या कल्पनेतली मोटार बाराव्या हिश्श्यात घडवून पाठविण्याची तऱ्हा आली. पारितोषिक महाविद्यालयीन शिष्यवृत्तीचे असे, आणि कंपनीचा त्यातील अंतस्थ हेतू होतकरू हात लवकर हेरून ठेवण्याचा. १९४७ च्या विजेत्यांपैकी चार्ल्स जॉर्डन पुढे त्याच जनरल मोटर्सच्या समग्र आकृतिरचना विभागाचा प्रमुख झाला. स्पर्धा १९६८ मध्ये बंद पडली. एका पिढीच्या मोटारींची वळणे ज्या हातांनी ठरविली त्यांतले काही हात अशा रीतीने आधी लाकूड घासून तयार झाले होते.

डेट्रॉइटच्या परिसरात १९४८ साली निघालेल्या ए. एम. टी. या कंपनीचा मूळ धंदा आणखी निराळा. नव्या मोटारींच्या हुबेहूब प्रतिकृती, कारखान्याच्याच रंगांत, विक्रेत्यांनी गिऱ्हाइकांना दाखवाव्यात आणि त्यांच्या मुलांच्या हाती द्याव्यात म्हणून ती करी. त्या जुन्या नमुन्यांचे प्लॅस्टिक असे होते की काही वर्षांत ते आक्रसून वाकडे होई. आज त्यांच्या मधे बसलेल्या पाठी पाहिल्या की त्या म्हाताऱ्या झाल्याचा भास होतो. १९५८ मध्ये तिने एकाच खोक्यात तीन गाड्या विकल्या. म्हणजे गाडी एकच, पण कारखान्यातून निघाली तशी जोडा, शर्यतीची करा, नाहीतर टप खाली उतरवून, दिवे बदलून, शेपट्या लांबवून मर्जीप्रमाणे सजवा. कॅलिफोर्नियात खऱ्या गाड्या असे रूपांतर करणारे जॉर्ज बॅरिस आणि जीन विनफिल्ड यांसारखे कारागीर तोवर नावारूपाला आले होते, आणि कंपनीने त्यांना हाताशी धरले. विनफिल्डने तर ए. एम. टी.साठी पूर्ण आकाराची कामेही केली. 'स्टार ट्रेक' या दूरचित्रवाणी मालिकेतले गॅलिलिओ नावाचे लहान अवकाशयान त्याच्याच देखरेखीखाली बांधले गेले, आणि बदल्यात कंपनीला मोठ्या यानाचा खेळणेवजा संच विकण्याचा हक्क मिळाला. लहान करणाऱ्याने एकदा मोठे करून दाखविले, असा हा उलटा व्यवहार.

याच मंडळींतील जो बेलन याच्या नावावर कँडी ॲपल रंग जमा आहे. सोनेरी वा रुपेरी अस्तरावर पारदर्शक तांबडा रंग हातावर हात चढवीत न्यावयाचा, म्हणजे उजेड तांबड्यातून आत शिरतो, अस्तरावर आपटतो आणि तांबडा होऊनच परत येतो. मेहुण्याने ही करामत एका जुन्या अमेरिकन गाडीच्या संचावर केली आहे. ती पाहताना मला पाकात नुकत्याच बुडवलेल्या चेरीची आठवण झाली. त्याने मात्र सांगितले की एक हात जिथे दुसऱ्यावर जास्त चढला तिथे रंग लगेच गडद होतो, म्हणून मनगट एका गतीने फिरले पाहिजे आणि कडेच्या बाहेर जाऊनच परतले पाहिजे. 'हात' हा शब्द आमच्या रंगाऱ्यांनी थरासाठी योजला, तो किती विचाराने, हे मला त्या दिवशी कळले.

फवाऱ्याचे जे उपकरण तो वापरतो, त्याची नळी लेखणीएवढी, तोटीचे छिद्र तीन दशांश मिलिमीटरचे. येथे एक योगायोग सांगितल्यावाचून राहवत नाही. १८७६ साली रंगाचा फवारा उडविणाऱ्या यंत्राचे पेटंट घेणारा फ्रान्सिस स्टॅन्ली हाच पुढे आपल्या जुळ्या भावासह वाफेच्या मोटारी काढून प्रसिद्धीस आला.

जपानातली या छंदाची राजधानी शिझुओका. त्या नगरात लाकूडकामाची जुनी परंपरा होती, आणि लाकडी नमुन्यांवरून प्लॅस्टिकच्या नमुन्यांकडे जाणे तेथील कारखानदारांना साधले. तामिया ही त्यांतली सर्वांत ख्यातकीर्त पेढी १९४६ साली लाकडाची वखार म्हणून निघाली; १९६० मध्ये तिने केलेली प्लॅस्टिकची पहिली युद्धनौका बाजारात पडली, पण पुढल्या एका रणगाड्याने तिला तारले. संस्थापकाचा पुत्र शुनसाकू तामिया याच्या काटेकोरपणाच्या कथा या छंदाच्या पुराणात मोडतात. पोर्शच्या शर्यती गाडीचा बाराव्या हिश्श्यातील नमुना १९७६ मध्ये बाजारात येण्यापूर्वी त्याने एक खरी पोर्श विकत घेतली आणि तिचा स्क्रू न् स्क्रू सुटा करून पाहिला. जुलै २०२५ मध्ये, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, तो वारला. ती बातमी आली त्या रात्री मेहुण्याने गॅलरीतला दिवा बराच वेळ चालू ठेवला होता, असे त्याच्या पत्नीने मला सांगितले. दर मे महिन्यात शिझुओकाला या उद्योगाचे प्रदर्शन भरते. तेथे एकदा जाऊन यावे ही मेहुण्याची इच्छा, आणि त्यासाठी राखलेली रक्कम दरवर्षी कॉम्प्रेसरच्या दुरुस्तीत खर्ची पडते.

आमच्या देशात मोटारीचे लहान रूप बहुधा खेळणे म्हणूनच आले. लिव्हरपूलच्या डिंकी मोटारींचे वापरून झालेले साचे कलकत्त्याला येऊन त्यांतून निकी नावाची खेळणी निघत. मागे ओढून सोडली की धावणारी सेंटीची ॲम्बॅसेडर तर आजही जत्रेत मिळते. अशा खेळण्यांतलीच आणखी एक गोष्ट इंग्लंडातल्या जॅक ओडेलची. मुलीच्या शाळेत काडेपेटीत मावेल एवढेच खेळणे आणण्याची परवानगी होती, म्हणून त्याने तिच्यासाठी पितळेचा इवलासा रोडरोलर केला, आणि त्यातून १९५३ साली मॅचबॉक्सची मालिका सुरू झाली. शाळेच्या एका फर्मानातून एवढा उद्योग उभा राहिल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

मेहुण्याने मात्र मनात धरली ती पद्मिनी. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात फियाट म्हणून जन्मलेली, सत्तरच्या दशकात पद्मिनी झालेली, गिअर स्टिअरिंगला, इंजिन १०८९ सी. सी.चे, अंग काळे आणि टप पिवळा. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस वीस वर्षांची मुदत भरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली, त्या आठवड्यात तो एका ओळखीच्या गॅरेजात फीत, ओळंबा आणि पुठ्ठ्याचे तक्ते घेऊन गेला व उभ्या असलेल्या एका जुन्या टॅक्सीची मोजणी करून आला. आमच्या भूमापन खात्याने इतक्या खुणा एका गटाला लावल्याचे मी पाहिलेले नाही. पुढच्या आणि मागच्या चाकांतले अंतर २३४० मिलिमीटर, म्हणून येथे साडेसत्त्याण्णव; आणि त्या अर्ध्या मिलिमीटरवरून त्याने एक पूर्ण सांगाडा मोडीत काढला.

शिवणीच्या लाकडाचा ठोकळा दोन महिने कोरून त्याने गाडीचे अंग केले. त्यावर सिलिकॉन रबर ओतून साचा घेतला आणि साच्यातून रेझिनचे कवच काढले. पहिल्या कवचात बुडबुडे आले, दुसरे वाकले, तिसरे ठेवले. काचा म्हणजे पारदर्शक पत्री, गरम करून लाकडावर दाबलेली. जाळीच्या पट्ट्या तांब्याच्या तारेच्या. बंपर आणि खिडक्यांच्या चकाकत्या कडा चॉकलेटच्या वेष्टनातल्या वर्खाच्या, पातळ गोंदाने बसवून नखाने नव्हे तर कापसाच्या बोळ्याने दाबलेल्या. संगणकावर आकृती काढून थरावर थर छापणारी यंत्रे आता निघाली आहेत. मेहुणा त्यांचा द्वेष्टा नाही, परंतु छापलेल्या अंगावरच्या थरांच्या रेघा घासण्यात तेवढाच वेळ जाणार असेल तर लाकूड काय वाईट, असा त्याचा रोकडा सवाल आहे. मला तो पटतो, अर्थात घासणारा तो असतो म्हणून.

रंगाचा क्रम फिक्यापासून गडदाकडे. पिवळ्याला झाकण्याची ताकद नसते, म्हणून खाली पांढरे अस्तर. मग पिवळ्याचा एक उडता हात, दहा मिनिटांनी दुसरा, आणि तिसरा इतका ओला की ओघळायच्या बेतात येऊन थांबेल. दाराच्या फटी त्याने आधीच सुईने खोल केल्या होत्या, नाहीतर हे तीन हात त्या भरून टाकतात. त्या दिवशी सर्व यथासांग झाले. टप अंड्याच्या बलकासारखा झळकू लागला. तो हात धुवायला आत गेला, आणि मी, उजव्या हातात चष्मा धरून, डाव्या हाताने गाडी उचलली.

रंग वरून सुकतो आणि आतून सुकतो यांत काही दिवसांचे अंतर असते, हे मला ठाऊक नव्हते. टपाच्या बरोबर मध्यभागी माझ्या अंगठ्याची, प्रत्येक रेषा सुवाच्य असलेली, निशाणी उमटली. गाडीच्या मापाने पाहता दोन रेषांमधले अंतर अर्ध्या इंचाएवढे. जणू एखाद्या राक्षसाने टॅक्सी चिमटीत धरून उचलली असावी. एकतीस वर्षे मी निरक्षर पक्षकारांचे अंगठे शाईत बुडवून खतावर घेतले आणि खाली आपल्या वळणदार अक्षरात 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा' असे लिहिले. मेहुणा परत आला, बराच वेळ पाहत राहिला, आणि शांतपणे म्हणाला, "दाजी, आता याच्याखाली साक्ष कोणाची घ्यायची?"

तीन आठवडे थांबून ती निशाणी दोन हजार नंबरच्या वॉटर पेपरने, साबणाच्या पाण्यात, घासून काढण्याची शिक्षा मला झाली आणि मी ती आनंदाने भोगली. घासताना कळते की आपला हात सरळ रेषेत कधीच जात नाही. कडांवर दाब पडला की खालचे पांढरे अस्तर डोकावते. तसे ते दोनदा डोकावले.

काळ्याच्या वेळी जुलै उजाडला होता. पाऊस दोन तास उघडला, एवढ्या विश्वासावर मेहुण्याने टपावर चिकटपट्टी लावून अंगावर काळा मारला, आणि दहाव्या मिनिटाला त्या काळ्यावर विभूती फासल्यासारखी पांढुरकी छटा चढली. येथे माझा अंगठा निर्दोष होता. थिनर झपाट्याने उडतो तेव्हा पृष्ठभाग गार पडतो, भोवतालच्या दमट हवेतले पाणी गार लोट्यावर जमते तसे त्यावर जमते, आणि ओल्या रंगात शिरून त्याला दुधाळ करते. सावकाश उडणाऱ्या थिनरचा नुसता फवारा मारला की रंग पुन्हा ओला होऊन पाण्याला बाहेर पडायला अवधी मिळतो. पुष्कळसा डाग त्याने गेलाही. डिकीवरचा गेला नाही. कोकणपट्टीच्या हवेत राहणाऱ्याने हा छंद श्रावण संपल्यावर करावा, एवढे त्यावरून मेहुण्याने ठरविले, आणि गाडी डब्यात बंद करून ऑक्टोबरच्या उन्हाची वाट पाहिली. त्या उन्हात काळा पुन्हा मारला. शुद्ध काळा नव्हे. त्यात थेंबभर करडा आणि तपकिरी, कारण लहान वस्तूवर गडद रंग आहे त्याहून गडद दिसतो, आणि मुंबईच्या टॅक्सीचा काळा तसाही कधी शुद्ध नसतो.

आतल्या छताला त्याने फुलाफुलांचे कापड लावले आहे. मुळात ती नक्षी एका आगपेटीच्या लेबलाची. टॅक्सीवाले छताला, आसनांना आणि मागच्या काचेला आपापल्या मर्जीने सजवीत, आणि कॅलिफोर्नियातल्या त्या कारागिरांच्या पंक्तीला त्यांना बसवायला माझी मुळीच हरकत नाही. खंडेनवमीला घरातल्या अवजारांबरोबर फवाऱ्याची लेखणीही पाटावर आली, आणि वहिनींनी रीतीप्रमाणे नव्या वाहनालाही झेंडू वाहिला. एकच फूल, पण त्याने सबंध टप झाकला. गाडीच्या हिशेबाने ते उभ्या माणसाच्या छातीला लागेल एवढे रुंद फूल झाले.

आता फक्त मीटर राहिला आहे. काचेच्या डाव्या बाजूस बाहेर असे तो जुना यांत्रिक मीटर, आणि त्यावरचा तो लहानसा झेंडा, वर असला की गाडी रिकामी, पाडला की भाडे बसले. झेंड्याचा तुकडा दीड मिलिमीटरचा. परवा रविवारी तो चिमट्यातून उडाला, आणि आम्ही दोघे साठी ओलांडलेले इसम बॅटरी घेऊन तासभर गॅलरीत रांगत होतो. शेवटी वहिनींना तो सुपलीतल्या केरात सापडला. तो वर लावावा असे मेहुण्याचे म्हणणे, कारण गाडी कपाटात रिकामीच उभी राहणार. मी पाडलेला मीटर मागतो. लहानपणी व्हिक्टोरिया टर्मिनसवरून वडिलांबरोबर ज्या थोड्या वेळा टॅक्सीत बसलो, तेव्हा तो खाली पडताना होणारा खट्कन आवाज माझ्या कानात अजून आहे. तूर्त प्रकरण प्रलंबित असून वादग्रस्त तुकडा एका काडेपेटीत ठेवला आहे.